कापऱ्या आवाजातलं स्तोत्र

रविवार, संध्याकाळ

शेजारच्या बाळूदादाच्या बकऱ्यांनी आज आमचा अर्धा वाल खाल्ला. पूर्वी ह्यांनी काठी घेऊन त्याचं दार गाठलं असतं. आज ओटीवर बसून स्तोत्र वाचायला लागले. आवाज रागानं कापत होता. देवाची स्तुती, आणि अशा आवाजात? मग डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, मला माफ करायला जमत नाय. तूच शिकव." आवाज अजून कापतच होता.

तेवढ्यात बाळूदादा स्वतःच आला, मान खाली घालून. ह्यांनी सरकून त्याला जागा दिली. "बस रे. चहा घेऊ."

तो म्हणाला, "मला वाटलं, मारशील."

"मलापण तसंच वाटलं होतं," हे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस आज मला नव्यानं आवडला.