सगळ्यात जुना नोड

३ मार्च
संकल्प: मशीन बंद करायचं नाही. कधीच.
आमच्या फाइल-शेअरिंग नेटवर्कला मालक नाही, साहेब नाही. कुणी फाइल मागितली की मागणी एका मशीनकडून दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक मशीनला, म्हणजे नोडला, एक नंबर; ज्याचा नंबर मागणीच्या नंबराला जवळचा, त्याच्याकडे. घर जवळ असून उपयोग नाही. प्रत्येक नोड इतरांची यादी ठेवतो; तीत टिकतो तो जुना आणि हाकेला ओ देणारा. ओ दिली नाही की नाव कटतं. राग नाही, लोभ नाही. अख्ख्या रूसे शहरात माझ्याइतका जुना नोड नसावा.
बायकोला, दोब्रिंकाला, समजावलं. म्हणाली, "बरं. मग भाजी आणायला कुठला नोड जाणार?"

१२ मार्च
दोब्रिंकाचा खोकला हटत नाही. तपासण्या दूर वार्ना शहरातल्या हॉस्पिटलात. "चल ना बरोबर," म्हणाली. एकदाच म्हणाली, म्हणजे तसं गंभीर नसणार. शिवाय वादळी हवा. वीज गेली तर मशीन परत चालू कोण करणार?
मेहुणी त्सोन्का गेली सोबत. दारातून म्हणाली, "भाऊजी, मशीनला ताप आला तर कळवा हं, धावत येऊ!"
शनिवारी नक्की जाणार.

१८ मार्च
शनिवारी जमलं नाही. नवी डिस्क बसवत होतो. मुलीचा, रालित्साचा, फोन वाजत राहिला, हात अडकलेले. संध्याकाळी मी लावला तर तिने घेतला नाही. आजकालची पोरं.
दिवसभर मागण्यांचा नुसता ओघ. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, बरं वाटतं.

२ एप्रिल
फोन बरेच दिवस गप्प. म्हणजे सुधारणा असणार.
शेवटी मीच केला. ऑपरेशन परवाच झालं. फुफ्फुसाचा तुकडा काढला. मला का नाही कळवलं? रालित्सा म्हणाली, "बाबा, आधी तुम्हालाच लावायचे. आता मावशीला लावते. ती उचलते."
आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.
मशीन बंद केलं. नेटवर्कचे हाल होतील. इलाज नाही.

३ एप्रिल, वार्ना
पलंगाला लागून मीच बसलो. त्सोन्का पार खिडकीपाशी, डब्यातली चीजची बानित्सा खात.
दोब्रिंकाने डोळे उघडले. मला बघून हसली. किती वाळली आहे. ओठ कोरडे पडलेले. पाण्याचा ग्लास माझ्या हाताशीच होता.
"त्सोन्का," म्हणाली, "पाणी दे गं जरा."
भुलीचा अंमल अजून उतरला नसावा.