विषय : ३८ क्रमांक बंद करण्याबाबत

४ फेब्रुवारी, बुधवार

या वहीत सप्टेंबरनंतर एक ओळ नाही. माफी मागायला हवी, पण कुणाची ते कळत नाही. वही माझी, वाचणारा मी, न लिहिणाराही मीच. तरी मागतो. कारणं देत नाही. (ऑफिसातलं ऑडिट, खांदा, मनासारखं पेन न मिळणं.)

आज बसलो, कारण घडलंच आहे तसं. कोपऱ्यावरच्या स्टॉपवर नोटीस लागली आहे. ३८ क्रमांकाचा मार्ग १ एप्रिलपासून बंद करण्याचा विचार आहे, नागरिकांनी आपलं म्हणणं १५ मार्चपर्यंत लेखी कळवावं. कारण दिलंय की त्याच मार्गावर आता मेट्रो धावते. धावते हे खरं, पण डोक्यावरून धावते. चढायला चौऱ्याऐंशी पायऱ्या, आणि लिफ्टवर ‘लवकरच सेवेत’ हा कागद दीड वर्षं आहे. कागद एकदा बदलला. नवा जास्त जाड आहे.

३८ ही आईची बस. तिच्या शेवटच्या स्टॉपसमोर शुश्रूषागृह आहे, तिथे मावशी असते. मावशी आता कुणालाच ओळखत नाही, फक्त आईला ओळखते. सोमवार आणि गुरुवार, दहा ते साडेअकरा, भेटीची वेळ. आई जाते, तिचे केस विंचरते, वेणी घालते, परत येते. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघे त्याहून म्हातारे. पण ३८ इथून थेट तिथे नेते, कुठे बदलावं लागत नाही. तिथल्या नर्सबाईंनी सांगून ठेवलंय की आईचं येणं तुटलं तर एवढी एक ओळखही पुसली जाईल.

निश्चय : बस वाचवणार. एकट्याच्या नाही, सगळ्या वस्तीच्या सह्यांनी. आणि ही वही रोज लिहिणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

मधले दोन दिवस विचारात गेले. विचार हेही कामच.

बायकोला योजना सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की मी स्वतः मावशीला शेवटचं कधी भेटलो. मी म्हटलं, प्रश्न बसचा आहे. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’चे चार प्रकार आहेत. हा तिसरा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अर्जाचा चौथा मसुदा. पहिले तीन भावनेच्या भरात गेले होते. एकोणीस वर्षं विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात काढली आहेत. पत्र कसं लिहावं हे मला कुणी शिकवायला नको.

तरी तळमजल्यावरच्या बाईंनी शिकवलंच. बाई निवृत्त शिक्षिका, एकतीस वर्षं शाळेत. मसुदा दाखवला तर पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘विषय : मार्ग क्र. ३८ बंद करण्याबाबत’. त्या म्हणाल्या, एक ‘न’ घाला. ‘बंद न करण्याबाबत’. मी त्यांना नम्रपणे समजावलं की विषय हा तटस्थ असतो, मागणी मजकुरात येते. शिवाय ‘न करण्याबाबत’ कानाला लंगडं लागतं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग सही केली. पहिली सही त्यांची.

मतभेद असूनही पाठिंबा. वस्ती जिवंत आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सह्या ६१. रोज लिहायचं राहिलं, पण सह्या गोळा करणारा माणूस लिहील कधी?

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी न वाचता सही केली. हा विश्वास. सलूनवाल्याने कागद काउंटरवर ठेवून घेतला, गिऱ्हाईक दाढीला बसलं की आधी सही घेतो, मग वस्तरा. त्याच्याकडच्या चोवीस. औषधाच्या दुकानदाराने मात्र विचारलं की हे नक्की बसच्या बाजूने आहे की बसच्या विरुद्ध. मला राग आला. म्हटलं, खाली वाचा ना, चार परिच्छेद आहेत. तो म्हणाला, गिऱ्हाईक उभं आहे, वरचीच ओळ दिसते. लोकांना वाचायचा आळस. शहर असंच वाढलं आहे, वरची ओळ वाचून.

आई आज मावशीकडे जाऊन आली. मी विचारलं, कशी आहे. म्हणाली, आज हसली. मग मी तिला सह्यांचा आकडा सांगितला.

३ मार्च, मंगळवार

नगरसेवकांना भेटलो. अडीच तास बाकावर. बाकावरच्या सगळ्यांचीच कामं रस्त्याची, पाण्याची. ‘मी बससाठी आलोय’ म्हटल्यावर शेजारच्याने सरकून जागा दिली, आजाऱ्याला देतात तशी.

नगरसेवक आले, उभ्याउभ्याच अर्ज हातात घेतला, वरच्या ओळीवर नजर टाकली आणि म्हणाले की विषय एकदम क्लिअर आहे, असं लिहिणारे लोक हवेत. आपलं काम झालंच समजा. मग फोटो. मी डावीकडून चांगला दिसतो, पण डावीकडे ते उभे राहिले.

घरी येऊन बायकोला ‘एकदम क्लिअर’ सांगितलं. बरं, म्हणाली. प्रकार दुसरा. प्रगती आहे.

९ मार्च, सोमवार

अर्ज दाखल. २१२ सह्या. त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली. परिवहन कार्यालयात खिडकी क्रमांक सहा. कारकून चाळिशीचा, चेहऱ्यावर झोप. त्याने पानं उलटली नाहीत, फक्त विचारलं, विषय? मी वाचून दाखवला, स्पष्ट उच्चारात. त्याने रजिस्टरमध्ये उतरवून घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक दिला.

बाहेर पडलो तेव्हा ऊर भरून आला होता. तंत्राच्या दृष्टीने निर्दोष काम. परतताना ऑफिसातल्या मित्राच्या गाडीतून आलो, पाऊण तास एकाच सिग्नलला. बसने आलो असतो तरी तेवढाच वेळ लागला असता.

२० मार्च, शुक्रवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘आपण व अन्य २११ नागरिकांनी मार्ग क्र. ३८ बंद करण्याबाबत केलेल्या मागणीचा सहानुभूतीने विचार करण्यात आला आहे. लोकभावना लक्षात घेता सदर मार्ग १ एप्रिलची वाट न पाहता सोमवार, २३ मार्चपासूनच बंद करण्यात येत आहे. आपल्या जागरूकतेबद्दल आभार.’

चार वेळा वाचलं. पत्र चांगलं लिहिलं आहे.

२१ मार्च, शनिवार

बसस्टॉपवर फ्लेक्स लागला. ‘नागरिकांच्या मागणीला यश! ३८ हटली, रस्ता मोकळा!’ वर नगरसेवक हात जोडून. खाली गोलात मी. माझे डोळे मिटलेले आहेत.

सलूनवाल्याने हाक मारली नाही. डॉक्टर जिन्यात भेटले, म्हणाले, सहीच्या वेळी सांगायचं होतंत की. तळमजल्यावरच्या बाई उन्हाबद्दल बोलल्या. ‘न’बद्दल बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. ‘चर्चा चालू आहे’ एवढंच म्हटलं. अगदी खोटंही नाही, कारण मनातल्या मनात चालूच आहे. उद्या रविवार. निवांत बसून सांगणार.

२३ मार्च, सोमवार

काल पाहुणे आले.

आज आई नेहमीसारखी नवाच्या ठोक्याला स्टॉपवर गेली. मी ऑफिसात. तिथे बसच्या वेळा दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी आहे. पाटीला अजून कुणी कळवलेलं नाही. ती दाखवत होती : ३८, ४ मिनिटे. आई बसली. पुन्हा बघितलं तर ४ मिनिटे. पावणेदहापर्यंत चारच मिनिटे. शेवटी तळमजल्यावरच्या बाई दूध घेऊन परत येताना त्यांनी तिला पाहिलं, शेजारी बसून सगळं सांगितलं आणि हाताला धरून घरी आणलं.

संध्याकाळी आई मला रागावेल म्हणून तयारीने घरी आलो. ती म्हणाली की तिथे माझा फोटो लागलाय, चष्मा नव्हता, पाटीवरचा मोठा आकडा तेवढा दिसला, फ्लेक्सवरचं वाचता आलं नाही, पण मीच आहे हे लांबूनही कळलं. म्हणाली, झोपलास होय रे फोटोत? एवढंच. रागावली असती तर मला काही मुद्दे मांडता आले असते.

२४ मार्च, मंगळवार

खिडकी क्रमांक सहा. कारकुनाला सांगितलं की गैरसमज झाला आहे, मजकूर वाचा. त्याने वाचला, सगळे चारही परिच्छेद, आणि म्हणाला, छान लिहिलंय. मग सांगितलं की मान्य झालेल्या मागणीविरुद्ध त्याच नागरिकांना सहा महिने अर्ज करता येत नाही. मी म्हटलं, ही मागणी नव्हतीच. त्याने विचारलं, मग विषयात काय होतं?

मी आवाज चढवला. म्हटलं, फक्त विषय वाचून कुणी निर्णय घेतं का? तो शांतपणे म्हणाला की दिवसाला शंभर कागद येतात. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की मी स्वतः ३८ मध्ये शेवटचं कधी बसलो.

उत्तर दिलं नाही. इथे देतो. दोन वर्षं झाली असतील.

आणखी एक लिहायला हवं, नाहीतर वही कशाला. दुपारी ऑफिसात माझ्यासमोर साठ पत्रं होती. छप्पन्न विषय वाचून निकालात काढली. मोजली म्हणून कळलं. एकोणीस वर्षांत मोजली नव्हती.

२६ मार्च, गुरुवार

आई गेली नाही. नऊ वाजता तयार होऊन खुर्चीत बसली आणि साडेअकराला साडी बदलली.

२८ मार्च, शनिवार

मेट्रोचा प्रयोग. बायको आईला घेऊन गेली, मी नव्या अर्जाच्या मसुद्यावर होतो. सव्विसाव्या पायरीवर आई बसली. मागच्या गर्दीने तिला वळसा घातला. एकाने बायकोला सांगितलं की म्हातारीला लिफ्टने न्यायचं. दोघी हसत परत आल्या. हसत आल्या म्हणून मला वाटलं जमलं.

टॅक्सीचंही बायकोने बघून ठेवलंय. शुश्रूषागृहाच्या भागात बोगद्याचं खोदकाम चाललंय, तिकडे कुणी यायला तयार नाही. ऑफिसातला मित्र म्हणाला, अकरा नंबरची बस आहेच. म्हणजे स्वतःचे पाय. मी हसलो नाही. आधी हसलो, मग नाही.

निश्चय : नव्या अर्जाचा विषय तीन जणांना दाखवल्याशिवाय अंतिम करायचा नाही. त्यातल्या एक तळमजल्यावरच्या बाई.

८ एप्रिल, बुधवार

शुश्रूषागृहातून फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून ती स्पीकर लावते, त्यामुळे सगळ्या घराने ऐकलं. नर्सबाई सांगत होत्या की सुरुवातीला मावशी दहा वाजले की दाराकडे बघत बसायची. आता बघत नाही. केसांना कुणाला हात लावू देत नाही, गुंता झालाय, कापावे लागतील, म्हणून विचारायला फोन केला. आई म्हणाली, कापू नका, उद्या मी येते. कशी, ते सांगितलं नाही. फोन ठेवून कंगवा शोधायला लागली.

मी तिच्या खोलीत गेलो. सांगितलं की नवा अर्ज तयार आहे, सप्टेंबरात सहा महिने भरतात, पहिल्याच दिवशी देणार, ‘पुन्हा सुरू करण्याबाबत’, त्यात ‘पुन्हा’ ठळक. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

“बस आणू नकोस रे तू. तू नुसता ये. दुसऱ्या बसने जाऊ, दोनदा बदलावं लागेल, चढताना मागून हात दे, झालं.”

मी म्हटलं, उद्या दहाला मीटिंग आहे. म्हणालो खरा. तिने मान हलवली आणि पिशवीची चेन लावायला घेतली. चेन अडकत होती. दोनदा ओढली, मग तशीच अर्धी उघडी ठेवली.

मीटिंग ‘ग्राहकांशी आपुलकीने पत्रव्यवहार’ या विषयावर आहे. मला त्यात बोलायचं होतं.

ही वही मागे चाळली. सप्टेंबरच्या आधीची पानंही, गेल्या जानेवारीपर्यंत. परिवहन, खड्डे, पुलाचं काम, महापालिकेला सात पत्रं. मावशी कुठेच नाही. ती मला लहानपणी शाळेत सोडायला यायची. तेही लिहिलेलं नाही.

साहेबांना फोन केला. त्यांनी कारण विचारलं. मी मार्ग बंद होण्याची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली, निम्म्यावर थांबलो आणि म्हटलं, आईबरोबर जायचंय. ते म्हणाले, एवढंच ना, जा की.

उद्या : साडेआठला आईबरोबर निघणे.