कपाटावरचा कॅमेरा

३ मार्च, मंगळवार
आईच्या खोलीत कॅमेरा! कपाटावर, औषधांच्या डब्याशेजारी, अंड्याएवढा. दीड महिन्याने वेळ काढून गेले तर हे दर्शन. "हे काय?" तर म्हणते, "असू दे गं, तुझ्या दादाने बसवलाय." असू दे! दादा-वहिनी राहणार परदेशात आणि तिथून फोनवर आईला बघणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

दादाला फोनवर झापलं. "तू आधी शांत हो," म्हणे. शांत हो म्हटल्यावर आजवर कोणी शांत झालंय?

४ मार्च
दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला भलत्याचाच चष्मा दिला. तो डोळ्यांवर चढवून म्हणतो, "वा, छान दिसतंय हो!"

घरी येऊन सगळा राग पोस्टमध्ये ओतला. वॉशिंग मशीनला वायफाय कशाला? दाराच्या घंटेला पासवर्ड कशाला? आणि म्हाताऱ्या माणसावर पहारा कशाला? भराभर लोकांनी पुढे पाठवली. हातमागवाली — प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, पण इथली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण — म्हणाली, "माझ्या मागाला अजून कोणी ॲप लावलेलं नाही. दृष्ट न लागो!"

बरं झालं ते मोठं बाजारू सोशल नेटवर्क सोडून इथे आले. आमचा सर्व्हर एक निवृत्त भूगोलाचे मास्तर स्वतःच्या घरून चालवतात. असे कितीतरी छोटे सर्व्हर, एकमेकांना जोडलेले. कोणी एक मालक नाही, जाहिराती नाहीत, पाळत नाही. वहिनीही अशाच दुसऱ्या एका सर्व्हरवर आहे. कुंड्यांचे फोटो टाकते, खाजगीपणावर मोठमोठं बोलते. आणि घरी सासूवर कॅमेरा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

७ मार्च, शनिवार
पुन्हा आईकडे. संध्याकाळ झाली तशी उठली, केस विंचरले, इस्त्रीचे कपडे घातले, खुर्ची ओढून कपाटासमोर बसली.

"कोणी येणार आहे का?"

"छे गं. उगाच."

सतत कोणाच्या तरी नजरेखाली राहायचं म्हणजे स्वतःच्या घरातही सावरून बसायचं! मी उठले आणि कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. आईने तो काढला, घडी करून ठेवला. सुनेला एवढी घाबरते ही!

८ मार्च
हातमागवालीला खाजगी चिठ्ठी लिहिली. सगळं ओकून टाकलं — वहिनी कशी मिरवते, माझ्या आईला कशी कैदेत ठेवलीये, येत्या रविवारी कॅमेरा उपटून कचऱ्यात कसा टाकणार आहे. आता हलकं वाटतंय.

८ मार्च, पुन्हा
मेले! मेले, मेले!

हातमागवाली म्हणते, "अगं, ही चिठ्ठी तुझ्या वहिनीलाही गेलीये!" इथे म्हणे चिठ्ठीत ज्याचा पूर्ण पत्ता लिहाल, त्यालाही ती पोचते. आणि मी शहाणीने "बघ तर ही बया कोण" म्हणून वहिनीचा पत्ता मधोमध ठोकलेला! पुसली. पण बूंद से गई वो...

मास्तरांवर ओरडले, ही काय पद्धत? तर म्हणतात, "लिहिताना तिथेच सूचना येते, बाई." येते! वाचतं कोण?

माफी मात्र मुळीच मागणार नाही. लिहिलं त्यात खोटं काय आहे?

१० मार्च
वहिनीचा शब्द नाही. दादाचाही नाही. नसू दे. स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकलाय.

१२ मार्च, गुरुवार
आलं उत्तर. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"ताई, आम्ही कॅमेरा नकोच म्हणत होतो. आईंनी हट्ट धरला. म्हणाल्या, 'बोलायला तुम्हा कोणाला वेळ नसतो, निदान बघून तरी जात जा.' तिकडच्या संध्याकाळी हे कामातून थोडा वेळ काढून फोन उघडतात, म्हणून आई आवरून बसतात. तुमच्यासाठीही त्यांनी तेव्हाच कॅमेऱ्याच्या ॲपवर खातं उघडायला लावलं होतं. 'ती विचारेल तेव्हा द्या, आपणहून देऊ नका,' म्हणाल्या. सोबत पासवर्ड पाठवते. कॅमेरा फेकायचाच असेल तर फेका, पण आधी एकदा बघून घ्या."

भयंकर राग आलाय. कोणाचा राग, ते कळत नाही.

१३ मार्च
संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन ॲप उघडलं. आई केस विंचरून बसलेली. कॅमेऱ्याचा दिवा लागला वाटतं, त्याकडे बघून हसली, हात हलवला — दादा आहे असं समजून. मीही हलवला. जोरजोरात हलवला. तिला दिसतच नाही! असला कसला मेला कॅमेरा!