शिक्षेच्या कोपऱ्याचा विजय

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय वर्षे चौऱ्याहत्तर, पण धाकटा तो धाकटाच) कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात उजवा दुखत होता, त्याआधी डावा. म्हणजे दुखणं हिंडतंफिरतं आहे, एका जागी बसून राहिलेलं नाही, हे लक्षण मला चांगलं वाटतं. तुझी भावजय ठणठणीत आहे आणि तिचं माझ्याविषयीचं मतही जसंच्या तसं आहे.

पत्रास कारण की, आपली शाळा वाचली! ताई, वाचली! आणि कुणी वाचवली म्हणशील, तर जो मुलगा त्या शाळेत बाकावर कमी आणि कोपऱ्यात जास्त उभा राहिला, त्याने.

झालं असं की, जिल्ह्याने जुन्या वास्तूंची यादी करायला घेतली. एकदा यादीत नाव लागलं की त्या वास्तूची वीटदेखील कुणाला हलवता येत नाही. त्यासाठी एक मोजणीबाई आल्या. लांब फीत, कानामागे पेन्सिल, तोंडात शब्द मोजून चार. त्यांनी सात कमानींचा पूल घेतला, पाणचक्की घेतली, घड्याळाचा मनोराही घेतला. (त्याच्या चार बाजूंना अजून चार वेगवेगळ्या वेळा असतात. शाळेला निघताना मी नेहमी उत्तरेकडची वेळ बघायचो, तिकडे दहा मिनिटं कमी वाजलेली असत.) राहिली शाळा. तिथे म्हणे गाड्या उभ्या करायला मोकळं मैदान करायचं. हे नगरपालिकेच्या अध्यक्षांचं स्वप्न आणि ठेकेदाराचं काम. ठेकेदाराला गावात सपाटराव म्हणतात, कारण त्याने हात लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी तशीच होते.

आपल्या शाळेच्या त्या एकाच लांबरुंद दालनात मोजणीबाई शिरल्या, मागोमाग अध्यक्ष, सपाटराव आणि मी, तेव्हा माझा ऊर भरून आला. दगडी कमानींवरचं उंच छत, खडूचा वास, भिंतीवर नकाशाच्या खिळ्याचं भोक. मला तर पहिलीपासून सातवीपर्यंतचे सगळे वर्ग एका सुरात कविता म्हणताना ऐकू येऊ लागले. डोळे मिटून मीही सुरू होणार, तोच बाईंचा आवाज आला, "अशा शाळा जिल्ह्यात बावीस आहेत. वैशिष्ट्य काय?" आणि वैशिष्ट्याच्या रकान्यात त्या 'काही नाही' असं लिहू लागल्या. 'काही'पर्यंत पेन्सिल पोचली होती. सपाटरावाने अध्यक्षांकडे बघून जी मिशी फुलवली, ती मी जन्मात विसरणार नाही.

मग मी ते गुपित फोडलं. ताई, मला क्षमा कर. साठ-पासष्ट वर्षं आपण पोरांनी कुठल्या गुरुजींना जे कळू दिलं नाही, ते मी एका सरकारी बाईला सांगून टाकलं. म्हटलं, बाई, या दालनात दाराकडच्या कोपऱ्यात तोंड करून कुजबुजलं, की ते समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, आणि फक्त तिथेच, कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं, आणि तिथलं इथे. छताची करामत आहे. शिक्षा झालेली मुलं दोन कोपऱ्यांत उभी करण्याचा आमच्या गुरुजींचा प्रघात होता, त्यामुळे या शाळेतलं बरंचसं शिक्षण भिंतीकडे तोंड करूनच झालं आहे.

सपाटराव खो खो हसला. म्हणाला, "आजोबा, भिंतीला कान असतात ते ठाऊक होतं, तुम्ही तोंडपण फोडलंत!" पण बाई हसल्या नाहीत. त्या वही घेऊन निमूट समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. (इतकी शहाणी विद्यार्थिनी त्या कोपऱ्याने पूर्वी एकच पाहिली होती.) मी माझ्या कोपऱ्यात गेलो. गंमत बघायला सपाटराव आणि अध्यक्ष माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. मी हलक्या आवाजात सुरुवात केली:

'सांग पाखरा, तुझ्या घराला दार कसे रे नाही...'

आणि मी थांबलो. मुद्दाम थांबलो. लढाईत शत्रूला पुढे येऊ द्यायचं असतं, हा धोरणाचा भाग होता. चांगली दोन मिनिटं मी धोरण चालू ठेवलं. म्हातारा गप्प झाला, खेळ आटोपला, असं वाटून सपाटराव अध्यक्षांच्या कानाशी लागला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "बाईला जाऊ दे. उद्या माझी दोन माणसं येऊन कमानीचा एक दगड खिळखिळा करतील. मग इमारत धोक्याची म्हणून पाडायला आपण मोकळे." अध्यक्ष त्याहून दबक्या आवाजात म्हणाले, "दगड मागच्या बाजूचा काढ, दिसणार नाही."

पलीकडच्या कोपऱ्यात पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. बाई वळल्या, शांतपणे दालन ओलांडून आल्या आणि त्यांनी वही वाचून दाखवली. वैशिष्ट्य: 'काही' खोडलेलं. पुढे: 'एका कोपऱ्यातील कुजबुज समोरील कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येते. जिल्ह्यात असे दुसरे उदाहरण नाही. नमुना खालीलप्रमाणे.' आणि खाली दोघांची दोन्ही वाक्यं, शब्द न शब्द, दगडासकट! मग पेन्सिल अध्यक्षांपुढे धरून म्हणाल्या, "ऐकू आलेलं बरोबर असेल तर सही करा. चूक असेल तर तसं लेखी द्या, मी वरच्या कचेरीतल्या साहेबांना इथे आणून पुन्हा प्रयोग लावते." अध्यक्षांनी सही केली. ताई, सही करताना त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं.

गावात मला आता लोक वाट देतात. सपाटरावावरच शाळेभोवती कुंपण घालायचं काम आलं आहे. तो दगड उचलताना दिसला की पोरं कुजबुजतात आणि तो दचकतो. तुझी भावजय मात्र म्हणते, "आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलात आणि केवढं काम झालं बघा!"

कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा हिंडता राहो.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात शाळेला यादीची पाटी लागणार आहे. त्या वेळी मी तीच कविता त्याच कोपऱ्यातून पूर्ण म्हणावी असं मोजणीबाईंनी कळवलं आहे. मी तत्काळ होकार दिला.

ता. ता. क. धोरणाबद्दल वर जे लिहिलं ते तुझ्या भावजयीने वाचावं म्हणून लिहिलं. ताई, मला दुसरी ओळ आठवेना. अजून आठवत नाही. जुनं पुस्तक कुठे मिळत नाही.

ता. ता. ता. क. ओळ पत्रातून पाठवू नकोस, कागद हातात घेऊन उभं राहायची मला लाज वाटेल. तूच ये. आता हिशेब लागतो आहे, की कवितेला माझं नाव पुकारलं की वर्गातल्या सर्वांत शहाण्या मुलीच्या हातून दर वेळी पाटी खाली कशी पडायची आणि तिला समोरच्या कोपऱ्यात का जावं लागायचं. या वेळी तिथे खुर्ची ठेवायला सांगितली आहे.