भावजींना पदराचं सांगून ठेवा

पुणे

कारभारी,

सुंदरबाईचा नमस्कार. एका हाताचाच समजा, उजवा खांदा वर जात न्हाई. मी बोलते आन् इथल्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या पौर्णिमाताई लिहितात.

बाकी बरी हाय. भाकरी मिळते, पण कागदावानी पातळ. तुमी गोळ्या घेता ना? नातीची, वैष्णवीची परीक्षा झाली का?

घराच्या छपरावरनं, माळवदावरनं पडले, पाय गेले, तवापासून हातच माझे पाय. खुर्चीची चाकं ढकलून खांदा लई दुखायला लागला. ताई म्हणाल्या, "आजी, हात उगाच वर न्यायचा नाही. खांदा गेला तर पलंगावरून खुर्चीत तुम्हाला दुसऱ्यानं उचलून ठेवावं लागेल."

मी म्हणलं, चाकं तर खाली हायत, हात वर कावून जाईल? मग ताईंनीच दाखवलं. चाक ढकललं की पदर घसरतो, आन् कुणी बाप्यामाणूस दिसला की मी तो डोक्यावर ओढते. इथले डॉक्टर नातवाच्या वयाचे, पण हाताला ते कळत न्हाई. दुपारपर्यंत चाळीस वेळा झालं.

तवा पदर आता खांद्यावरच राहील. आपल्या गावात, चकलांब्यात पन्नास वर्षं थोरल्या भावजींपुढं तो डोक्यावरनं हलला न्हाई. मी यायच्या आधी त्यांना सांगून ठेवा. मान हाय तेवढाच हाय, पण या वयात रोज सुनांच्या कडेवर बसायचं मला जमणार न्हाई.

तुमाला हे चालंल का, तेवढं कळवा. न्हाई म्हणलात तरी मी येणारच. हो म्हणलात तर हसत येईन.

तुमची,
सुंदरबाई
(अंगठा डाव्या हाताचा)