मार्गळीत घर बदलत नाहीत

१६ डिसेंबर, मंगळवार
आजपासून मार्गळी. या महिन्यात चेन्नईत कोणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, नव्या घरात दूध उतू घालत नाही. अंबुजाला (यापुढे अं.) विचारलं, मग आपण काय करायचं? म्हणाली, "विचार करायचा. त्यास मनाई नाहीं."
स्थिती अशी. मी बावन्न, ती अठ्ठेचाळीस. लग्न ठरलंय, तारीख नाही. अट तिची: आधी घर, मग तारीख. घरं दोन. मैलापूरला एका मामींचा वरचा मजला, सिरुसेरीला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मला मैलापूर हवं, तिला सिरुसेरी. ती तंजावरी मराठी घरातली, जन्म मैलापुरातला, तिथल्याच मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवते. मी बावीस वर्षं श्रीपेरुंबुदूरला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये. समोरच्याचं नाव मला त्याच्या दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. जिला सगळे ओळखतात तिला पळायचंय, ज्याला कोणी ओळखत नाही त्याला तिथेच घुसायचंय.

१८ डिसें., गुरु.
मामींकडे गेलो. एकट्या राहतात. वय सत्तरीपुढे, कान शाबूत, गुडघे गेलेले. "पुढचा तै महिना लागेपर्यंत किल्ली नाही," म्हणाल्या. पण पाहुणा म्हणून चार दिवस राहायला हरकत नाही. पाहुण्याने एकच पिशवी आणायची, चूल पेटवायची नाही. आणि एक काम. मार्गळीत उजाडायच्या आत दारापुढे कोलम पडलाच पाहिजे, त्यांना वाकवत नाही, तेव्हा वर राहील त्याने काढावा.
म्हटलं, आमच्याकडे रांगोळी असते, बघून बघून येते. (वाईच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत, रांगोळी नव्हे. हे सांगितलं नाही.)
प्लांट शनिवारपासून वर्षअखेरच्या दुरुस्तीला बंद. योग जुळला.

२१ डिसें., रवि.
पहाटे पाच. गारठा. वाईच्या माणसाने याला गारठा म्हणू नये, पण बावीस वर्षांत मीही बिघडलो. अंगण झाडलं, पाणी शिंपडलं, तांदळाच्या पिठाचे सात बाय सात ठिपके घातले आणि सरळ रेषांनी जोडले. झकास दिसत होतं.
तळमजल्याच्या खिडकीतून मामी: "सार्, काय केलंत? ठिपके जोडायचे नसतात. ठिपक्यांना वळसा घालत जायचं, आणि निघालात तिथे परत यायचं."
फुलं विकणारी सेल्वी टोपली ठेवून उभी राहिली. इस्त्रीवाला मुरुगेसन सायकलवरून उतरला. दोघांचा माझ्यावर तमिळमध्ये परिसंवाद चालू. शेवटी सेल्वीने पायाने माझं काम पुसलं आणि दोन मिनिटांत नवं काढलं. रेघ एकच, कुठे सुरू झाली कळू नये अशी.
साडेसहापर्यंत रस्त्यावर मला नाव पडलं होतं: कोलम सार्.

२३ डिसें., मंगळ.
वस्तीची चौकशी. प्रश्न एकच: मोठ्या पावसात पाणी किती चढतं? शब्दप्रमाण आधी. मामी: "थेंबसुद्धा नाही." मुरुगेसन: "घोट्याएवढं, तेही पाहुणं." मग अनुमान. फाटकाच्या खांबावर चिखलाची रेघ, माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं. खांबाला भाड्याशी देणंघेणं नाही, त्याचं धरलं. वरचा मजला आहे, चालेल.
बाकी: नळाचं पाणी एक दिवसाआड. डास भरपूर, सुसंस्कृत, सातनंतरच येतात. कंपनीची बस कोपऱ्यावर पावणेसहाला. कॉफी तीन दुकानांची चाखली, तीनही उत्तम. हा निकष बाद, निर्णयाला उपयोग नाही.
अं.ला फोनवर सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "तिथें लोक किती आहेत तें लिहिलें नाहीं."

२५ डिसें., गुरु.
तिने दाखवलं. सुट्टी म्हणून संध्याकाळी देवळाच्या तळ्याभोवती फिरलो. ती दहा पावलं पुढे, मी मागे, ओळख नसल्यासारखा. ही तिचीच अट. तळ्याच्या एका बाजूला अकरा वेळा "वणक्कम मिस". दोघी माजी विद्यार्थिनी आपापल्या पोरांसकट. एका गृहस्थांनी मुलीच्या मार्कांबद्दल थांबवलं, ते पंधरा मिनिटं. ती हातात केळ्याची बज्जी घेऊन उभी. बज्जी गार.
मागाहून फोनवर: "पाहिलेंत? पंचवीस वर्षें मी रस्त्यावर गरम बज्जी खाल्ली नाहीं."
हा पूर्वपक्ष बळकट आहे.

२७ डिसें., शनि.
सिरुसेरी. अं.च्या घरापासून पाऊण तास, असं दलालाने सांगितलेलं, प्रत्यक्षात दीड. दलाल उत्साही: "सर, इथे मार्गळी-बिर्गळी काही नाही. आज म्हणा, आज किल्ली." लिफ्टमध्ये आणखी चौघे होते, चौघेही फोनमध्ये.
चौदावा मजला. वारा असा की दार लावायला दोन हात. दूरवर समुद्राची पट्टी. दही फोनवरून मागवायचं, डास इतक्या वर येत नाहीत, इति दलाल.
अं. बाल्कनीत गेली. वेणी सोडली. मी स्वयंपाकघरातल्या नळाची तपासणी करत होतो, तर बाहेरून गुणगुणणं ऐकू आलं. तीन वर्षांची ओळख, ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.
परतताना शेअर ऑटोत माझे मुद्दे मनात मोजले. माझ्या बाजूने काय बोलणार? खांबावरची रेघ?

२९ डिसें., सोम.
आज रेघ जुळली. चार वळसे, एक चूक, पण निघालो तिथे परत आलो. मामी बाहेर येऊन बघून गेल्या. "व्याकरण चुकलं आहे, अर्थ कळतो," असं काहीसं म्हणाल्या. त्यांच्या तमिळचं मी केलेलं भाषांतर जरा माझ्याकडे झुकतं. बक्षीस म्हणून शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून मध्यभागी ठेवलं. नऊ वाजता खारीने पीठ खाल्लं. गाईने फूल.

३१ डिसें., बुध.
आजचं नीट लिहितो.
काल संध्याकाळी संगीतसभेत गाणं ऐकलं, मग मेसमध्ये जरा जास्त जेवलो. फोन चार्जिंगला लावायचा राहिला, गजर नाही. जाग आली ती दारावरच्या धक्क्यांनी. उघडलं तर जिन्यात आठ माणसं. पुढे मुरुगेसन, हातात इस्त्री, कशासाठी देव जाणे.
झालं होतं ते असं. दारापुढे कोलम नाही म्हणजे घरात कोणी गेलं, असा इथला अर्थ. मार्गळीत तर शंकाच नाही. त्यातून मामी चारलाच देवळात गेलेल्या, खालची बेल वाजवून कोणी येईना. सहा वाजून दहा मिनिटांनी सेल्वीने अंगण कोरं बघितलं, साडेसहाला आठ माणसं वर. माझ्या क्वार्टर्समध्ये मी किती दिवसांनी सापडलो असतो, त्याचा हिशेब मनात चालू होता. मला लुंगीत धडधाकट बघून सगळे सुटल्यासारखे हसले. एकाच्या चेहऱ्यावर थोडी निराशाही होती.
तेवढ्यात खाली गलका. अं. आली होती. दोन रस्ते पळत. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल, केस ओले. सेल्वीने फोन केला होता: "मिस, तुमच्या घरधन्यांचं काही कळत नाही." आम्ही कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. दहा पावलं अंतर ठेवून फिरलो होतो.
अं. जिन्यात थांबली. मला बघितलं. आठ जणांना बघितलं. त्यातले तिघे पालक.
"हेंच," ती म्हणाली. "हेंच मज नको होतें."
आणि पायरीवर बसून हसायला लागली. थांबेना. सेल्वी हसली, मग मुरुगेसन. इस्त्री अजून हातात.
एवढ्यात मामी देवळातून परतल्या. फाटकात गर्दी, कोलम नाही. "कोण गेलं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.
अं. उठली. "पीठ कुठें आहे?" गाऊनवर टॉवेल बांधून, भर उजेडात, सगळ्यांसमोर कोलम काढला. पंधरा बाय पंधरा. कंपास नाही, पट्टी नाही. एक पालक हळूच फोटो काढत होते, तिने मान वर न करता सांगितलं, "फोटो पुरे. तुमच्या मुलीचा गृहपाठ झाला कां?"

२ जानेवारी, शुक्र.
अं. दोन दिवस फोन उचलत नाही. आज एक ओळ आली: "शाळेंत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सर्वांनी अभिनंदन केलें. मी सिरुसेरी म्हणजे सिरुसेरीच."
सरी, म्हणजे ठीक. मामींना सांगायला धीर झाला नाही.

४ जाने., रवि.
पुन्हा सिरुसेरी. तिचा आग्रह: "तुमचें प्रत्यक्षप्रमाण झालें, आतां माझें." दलालाला खालीच ठेवलं. तिने शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली, पाण्याचं विचारायला. तिशीतली मुलगी, नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही आपसात मराठी बोललो एवढंच निमित्त.
"अय्या, मराठी? या ना काकू, बसा ना, बाप्पा किती दिवसांनी कोणी मराठी बोलून राहिलं इथे."
दोन तास. पोहे, चहा, परत चहा. वय काय, इतक्या उशिरा लग्न का, आधी का नाही, मूल दत्तक घेणार का. मग नागपूरला आईला व्हिडिओ कॉल. आईने पहिल्यापासून सगळं परत विचारलं. शेवटी: "या तुम्ही राहायला. मी रोज डोकावीन."
लिफ्टमध्ये अं. आकडे बघत होती. चौदा, तेरा, बारा. तिसऱ्या मजल्यापासून हसायला लागली ती दलालापर्यंत.
"चौदाव्या मजल्यावर डांस चढत नाहींत म्हणालांत ना," एवढंच त्याला म्हणाली.
पाण्याचं विचारायचं राहिलं.

७ जाने., बुध.
प्लांट सुरू. क्वार्टर्सवर परत. दार उघडलं, इतक्या दिवसांत कोणी डोकावलं नव्हतं हे कळलं. वाईहून दादाचा फोन: आपला पौष संपेपर्यंत तारखेचं नाव काढू नकोस. तिची मार्गळी, आमचा पौष. दोन पंचांगं मिळून आम्हाला लग्नच करू देणार नाहीत, असं दिसतं.

११ जाने., रवि.
मैलापूर. आज अं. माझ्या बरोबरीने चालत आली. दहा पावलं नाहीत. कोपऱ्यावर बज्जी घेतली, तिथेच गरम खाल्ली. "वणक्कम मिस"ला भरल्या तोंडाने मान हलवली. मामींनी वर चटई घातली. चूल पेटवायची नाही म्हणून कॉफी खालून.
अं. म्हणाली, "तारीख धरा. फेब्रुवारीतला दुसरा रविवार. तुमचा माघ, आमचा तै. दोघांसही चालतें."
"आणि घर? आधी घर, मग तारीख, ना?"
"बदललें."
"का?"
तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. "त्या दिवशीं मी चप्पल घालायची विसरलें. परत जातांना कळलें. दोन रस्ते पळालें, हो. पायाखालचें लक्षांत आलें नाहीं."
मी खाली जाऊन तिच्यासाठी आणखी कॉफी आणली.
मग ती: "म्हणून मैलापूर ठरलें असें समजूं नका. वारा तिथलाच चांगला."

१४ जाने., बुध. भोगी.
रस्तोरस्ती जुनं जाळल्याचा धूर. उद्या तै पहिला. मामींना उद्या उत्तर हवं. दलालालाही. मी रजा टाकली, पत्रिकेसाठी छापखान्यात गेलो दोघे. तमिळ एका बाजूला, मराठी दुसऱ्या. मराठीची मुद्रितं मी तपासली, सहा चुका, त्यातल्या दोन माझ्याच.
छापखानेवाल्याने विचारलं, "लग्नानंतरचा पत्ता?"
मी अं.कडे बघितलं, ती माझ्याकडे.
"जागा सोडा," ती म्हणाली.
"किती ओळींची?"
सिरुसेरीचा पत्ता तीन ओळींत बसतो. मैलापूरचा जुना नंबर, नवा नंबर, मजला, तळ्याची दिशा धरून पाच.
"पांच सोडा," अं. म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हसूं नका. पांचांत तीन बसतात."