भिंतीला फुटलेला घाम

४ मार्च
माझं आयुष्य बदललं ते कॅन्टीनच्या जिन्यात, ती ‘तू मला भावासारखा आहेस’ म्हणाली त्या क्षणी. तिथल्या तिथे ओळखपत्र कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि कॉलेजला रामराम ठोकला. आज मावशीकडे राहायला आलोय आणि खरं सांगतो, मजेत आहे. खाली तिचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, वर दोन खोल्या, मागची माझी. मावशीने दारातच मला ‘मजनू’ ही पदवी दिली. कॉलेजने नाही दिली तर मी देते, म्हणाली. काम सोपं. गिऱ्हाइकाचे खिसे तपासायचे, कपड्याला चिठ्ठी टाचायची आणि गरम इस्त्रीपासून लांब राहायचं.

११ मार्च
मावशीची पाळी जायच्या वाटेवर आहे. ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगते, कानकोंडा मी होतो. कमरेवर हार्मोनचा पॅच, आठवड्यातून दोनदा बदलायचा. शिवाय झोपताना गोळी. सुरुवातीचे काही महिने छान गेले म्हणे. आता पुन्हा अंगातून वाफा, झोपेचं खोबरं, आणि पाळी कधी दोन-दोन महिने गायब, तर कधी पंधरवड्यात दारात हजर. डॉक्टरबाई म्हणाल्या, या वयात औषध चालू असूनही असं होतं. पॅच घामाने सुटत असेल, लक्ष ठेवा. रक्त फार गेलं तर लगेच या. पॅच सुटतोय खरा, पण सुटलेला कुठे सापडत नाही. माल बनावट आहे म्हणून मी औषधवाल्याशी भांडून आलो. त्याने पाणी दिलं, वर म्हणाला, डोकं थंड ठेवा, भाऊ. भाऊ! मी ग्लास आपटला.

१५ मार्च
पॅच सापडला. माझ्या खोलीत, भिंतीवर. कमरेच्या उंचीला नीट दाबून चिकटवल्यासारखा. मला वाटलं, मावशीची चेष्टा. विचारलं तर पांढरीफटक पडली. म्हणाली, त्या खोलीत ती वर्षभर गेलेलीच नाही.
भिंत कोमट आहे. खालच्या वाफेच्या पाइपमुळे असेल. पाइप तिकडून जात नाही, मी बघून आलो.

१९ मार्च
भिंतीवर आता पाच पॅच झालेत. दुकान बंद, सगळं गार, तरी भिंतीला घाम. मावशी गाऊन बदलून बदलून दमली. शेवटी बोलली. मागच्या वर्षी अंगाची आग व्हायची तेव्हा ती या भिंतीला पाठ लावून बसायची. गार वाटायचं. एक दिवस जाणवलं, भिंतही तिला टेकून बसलीय. तेव्हापासून खोली बंद केली ती मी येईपर्यंत.
कॉलेजातल्या ‘तिला’ मेसेज केला, घाबरलोय म्हणून. तिने अंगठा पाठवला.

२० मार्च
माझं डोकं फिरलं. सगळे पॅच ओरबाडून काढले. शेवटचा निघाला आणि पलीकडून मावशीची किंकाळी— पॅचखाली लाल ओल. तिच्या चादरीवर तर— शेजारच्या काकूंनी गाडी काढली. दवाखाना. हे मी केलं. मीच.

२३ मार्च
रक्त थांबलं. डोस बदललाय. आज घरी सोडलं, पण घरी नाही, माझ्या आईकडे नेतोय. मावशी गाडीतच बसलीय. मी फक्त तिचे कपडे घ्यायला वर—

भिंत कोरडी आहे. बर्फासारखी. आणि पुढे आलीय. खाट दाबली गेलीय तिच्याखाली.

आतून बोलतेय. मावशीचाच आवाज. म्हणते, मी इथे आहे, गाडीत कोणाला बसवलंस? अंग बघ तिचं, गार असेल, अंग—

खिडकीशी गेलो. खाली मावशी रुमालाने वारा घेतेय. तोंड लालबुंद, मान घामाने निथळतेय. वाफ आलीय. मला शिव्या घालतेय, किती वेळ लावतोस म्हणून.
बरं झालं. जळणारी, घामाघूम होणारी तीच माझी मावशी. भिंतीला आता काही नाही मिळणार.

निघालो. दार ओढून घेतलं. जिन्यात उभ्याने लिहितोय. कुलूप लावतो आणि—
आतून कडी लागली. आत तर कोणीच—